चार घरांत घडलेला राजगड : २०२० च्या दिवाळीतील एक प्रकरण अभ्यास

२०२० सालच्या दिवाळीत आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मुलांनी राजगड उभा केला, पण वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत एकाही दिवशी तो पूर्ण नव्हता. पद्मावती माची, सुवेळा माची आणि बालेकिल्ला जागेवर होते; संजीवनी माचीच्या जागी फरशीवर खडूने आखलेली एक लांबट चौकट होती आणि तिच्या चारही कोपऱ्यांना एकेक दगड ठेवलेला होता. ती माची दुसऱ्या मजल्यावरच्या एका बंद दारामागे तयार होऊन पडली होती, कारण त्या घरात कोरोना शिरला होता. हा किल्ला कसा ठरला, चार घरांत कसा बांधला गेला, काय बिघडले आणि मुलांनी त्यातून काय घेतले, याची नोंद मी येथे करत आहे. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते आणि या प्रकरणातील चारपैकी एक घर माझे आहे; त्यामुळे ही तटस्थ निरीक्षकाची नोंद नाही, हे आधीच सांगणे योग्य होईल. इतर तिन्ही कुटुंबांच्या संमतीने हे लिहिले असून नावे जाणीवपूर्वक गाळली आहेत.

पार्श्वभूमी

इमारत पुण्यातली, जुनी, चार मजली आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत इमारतीतली सगळी मुले मिळून पार्किंगच्या एका कोपऱ्यात किल्ला करत आणि तो तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवत. माती कालवण्यापासून मावळे मांडण्यापर्यंत सगळ्या कामावर पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचे लक्ष असे. विटा कशा रचायच्या, गोणपाट चिखलाच्या पातळ राबड्यात बुडवून विटांवर कसे पसरायचे, अळीव कुठे पेरायचे आणि मोहरी कुठे, हे त्यांच्याकडूनच मुलांना कळे. त्यांची एक खास हातोटी होती. डोंगरात आरपार भोक ठेवून त्याच्या मागे ते अशा बेताने पणती ठेवत, की ज्योत कुठूनही दिसत नसे, फक्त उजेड भोकातून बाहेर येई.

महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले. त्याच महिन्यात शाळा बंद झाल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली, आणि जूननंतर मोठ्यांचे व्यवहार हळूहळू सुरू झाले तरी मुलांचे जग उघडलेच नाही. दहा वर्षांखालील मुलांनी आणि पासष्टीपुढच्या माणसांनी घरातच राहावे, अशी सूचना होती. म्हणजे किल्ला करणारे आणि करवून घेणारे, दोघेही एकाच वेळी कोंडले गेले. सप्टेंबर हा पुण्यासाठी फार वाईट महिना ठरला. याच महिन्यात, नुकताच अधिक आश्विन लागला असताना, पहिल्या मजल्यावरचे आजोबा गेले. त्यांचा नऊ वर्षांचा नातू त्यांना शेवटचा पाहू शकला तो स्वतःच्या पायांनी जिना उतरून रुग्णवाहिकेत बसताना. त्यानंतर घरच्यांना त्यांचे दर्शनही झाले नाही. दहावे-बारावे झाले तेही तीन माणसांत. त्या मुलाचे बोलणे जवळजवळ थांबले. ऑनलाइन वर्गात तो कॅमेरा बंद करून बसे, हाक मारली तर ‘हो’ एवढेच म्हणे.

गणपतीतला अनुभव

दिवाळीत काय करावे हे ठरवताना आमच्यासमोर ऑगस्टमधला अनुभव होता, आणि तो चांगला नव्हता. २२ ऑगस्टला गणपती बसले. त्या वर्षी घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत आणि मंडळांची चार फुटांपर्यंतच असावी, असे शासनाचे निर्देश होते. नदीवरचे विसर्जन घाट बंद होते आणि महापालिकेने फिरते हौद पाठवले होते. इमारतीचा गणपती बसवायचा नाही असे ठरल्यावर मुलांसाठी काहीतरी हवे म्हणून आम्ही मोठ्यांनी घाईघाईने तीन गोष्टी ठरवल्या : रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सामूहिक आरती, वेशभूषा स्पर्धा आणि चित्रकला स्पर्धा.

आरतीत प्रत्येक घराचा आवाज दुसऱ्या घरी थोडा उशिरा पोहोचे. त्यामुळे टाळ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे जात. तिसऱ्या दिवशी मुले पहिल्या कडव्यानंतर उठून जाऊ लागली. स्पर्धांचे आणखी वाईट झाले. वेशभूषा आयांनी केली, चित्रे मोठ्या भावंडांनी काढली, आणि निकालानंतर दोन घरांत अबोला आला. माझ्या सहा वर्षांच्या मुलाने तेव्हा मला विचारले होते, “आई, गणपती झाले की ही शाळा बंद होईल ना?” दिवसाचे तीन-चार तास पडद्यासमोर काढणाऱ्या मुलाला सणही पडद्यावरच भेटला, तर तो त्याला शाळाच वाटणार, हे शिक्षिका असूनही मला आधी सुचले नाही.

एका गोष्टीने मात्र त्या दहा दिवसांत मुले तासन्‌तास रमली होती, ती म्हणजे शाडूची माती. मूर्ती घरीच करू या म्हणून आम्ही माती आणली होती. मूर्ती झाली, विसर्जनासाठी ती बादलीत विरघळली, आणि खाली बसलेल्या त्याच मातीतून माझी अकरा वर्षांची मुलगी आणि धाकटा पुढचा आठवडाभर भांडी, बैल आणि घरे करत राहिले. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते आणि कोणी बक्षीसही ठेवले नव्हते.

प्रश्न नेमका काय होता

त्या वर्षी अधिक महिन्यामुळे दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर गेली होती. तोवर शहरातली रुग्णसंख्या उतरली होती आणि लोकांच्या मनातली भीतीही सैल झाली होती. किल्ला करायचाच, अशी मुलांची मागणी होती. आठ-दहा मुलांनी एकाच मातीच्या ढिगाभोवती डोक्याला डोके लावून बसणे आम्हाला मान्य नव्हते, कारण आमच्या घरी माझ्या सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आणि मधुमेही होत्या, आणि बहुतेक घरांत असे एक तरी माणूस होते. मास्क लावून दोन तास चिखल कालवणारे मूल मास्क हनुवटीवर आणणारच, हे मुलांबरोबर काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता आणि तो कोणी उघडपणे बोलत नव्हते. पहिल्या मजल्यावरचे घर दुखवट्याचे होते. अशा घरी वर्षभर सण करत नाहीत. आकाशकंदील नाही, फराळ नाही, रांगोळी नाही. एरवी शेजारपाजारचे आणि नातलग त्या घरी फराळाची ताटे घेऊन जातात, बसतात, गेलेल्या माणसाच्या आठवणी निघतात, आणि सण न करताही घर एकटे पडत नाही. महामारीने या रीतीचा पहिला अर्धा भाग ठेवला आणि दुसरा काढून घेतला. सण नव्हता आणि माणसेही येणार नव्हती. आजोबांशिवाय किल्ला करायचा आणि त्यांचा नातू गॅलरीतून बघत राहील, ही कल्पना मला सहन होईना. त्याला बोलवावे, तर त्याच्या घरच्यांना ते रुचेल का, हेही कळत नव्हते.

शेवटी मी त्याच्या आजींना फोन केला. “काकू, मुलं किल्ला करायचं म्हणताहेत. तुमच्याकडे यंदा सण नाही हे माहीत आहे, म्हणून आधी तुम्हाला विचारते.” त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “किल्ला म्हणजे काही सण नव्हे गं. माती आहे ती. करू दे त्याला. यांना आवडलं असतं, असं मी म्हणणार नाही, ते सगळेच म्हणतात. पण तो नुसता बसून असतो, ते मला बघवत नाही.” हा निर्णय त्यांचा होता, आणि तो त्यांनी घेतल्याशिवाय आम्ही एक पाऊलही पुढे टाकले नसते. अशा घरांत मुलाला ‘मन रमवायला’ परस्पर ओढून नेणारे शेजारी मी पाहिले आहेत. त्यात घरच्यांच्या दुःखाचा अवमान होतो.

किल्ल्याचे चार भाग

राजगड निवडण्याचे कारण त्याची रचना. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्यापासून तीन दिशांना पसरलेल्या तीन माच्या : पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. किल्ला मुळातच चार भागांचा आहे आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे ओळखू येतो. पद्मावती माची रुंद असून तिच्यावर तलाव, देऊळ आणि सईबाईंची समाधी आहे. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब, निमुळती होत गेलेली आणि दुहेरी तटबंदीची आहे. सुवेळा माचीच्या कातळात नेढे आहे, म्हणजे डोंगराला आरपार पडलेले नैसर्गिक भोक. चार घरांनी आपापल्या घरी एकेक भाग प्लायच्या तुकड्यावर करायचा आणि शेवटी पार्किंगमध्ये चारही भाग जोडायचे, अशी कल्पना माझ्या मुलीने मांडली. आम्ही ती उचलून धरली.

भागांची वाटणी आम्ही चिठ्ठ्या टाकून केली नाही. सुवेळा माची पहिल्या मजल्यावरच्या मुलाकडे द्यायची हे मी मनाशी ठरवले होते, कारण नेढे करायचे म्हणजे आरपार भोक ठेवायचे, आणि ते ढासळू न देता कसे ठेवायचे हे आजोबांच्या हाताखाली बसून फक्त तोच शिकला होता. आम्हाला त्याची खरोखरच गरज होती. मुलाला बरे वाटावे म्हणून दिलेले काम आणि त्याच्याशिवाय अडणारे काम यांतला फरक मुलांना फार लवकर कळतो. मी त्याला फोनवर विचारले, तेव्हा त्याने कित्येक आठवड्यांनंतरचे पहिले लांब वाक्य उच्चारले : “भोकाच्या वर वीट नाही ठेवायची, पुठ्ठ्याची नळी ठेवायची, नाहीतर माती वाळल्यावर तडा जातो.”

संजीवनी दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणींना दिली, पद्मावती आमच्याकडे आली. बालेकिल्ला तिसऱ्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलाकडे गेला, आणि ती निवड काही जणांना पटली नव्हती. चौदा वर्षांच्या त्या मुलाला किल्ला हा लहान पोरांचा खेळ वाटत होता आणि आठ महिने तो बहुतेक वेळ खोलीचे दार लावून मोबाइलवर होता. आम्ही त्याला माती कालवायला बोलावले नाही. चारही भाग एकमेकांना जुळायचे तर नकाशा आणि मापे कोणीतरी काढून द्यायला हवीत, एवढेच त्याला सांगितले. दोन दिवसांनी त्याने आलेख कागदावर चारही भागांचे आराखडे काढून त्यांचे फोटो पाठवले. सोबत एक टीप होती : लांबी आणि उंची एकाच प्रमाणात घेतली, तर डोंगर डोंगरासारखा दिसणारच नाही, म्हणून उंचीला वेगळे, मोठे प्रमाण धरले आहे. हा निष्कर्ष त्याने स्वतः आकडेमोड करून काढला होता.

घराघरांतले काम

७ नोव्हेंबरला, सुट्टी लागल्यावर काम सुरू झाले. पोयटा आणि लाल माती नर्सरीतून पोत्यांनी आली. आतल्या भरावासाठी विटा नको असे ठरले, कारण भाग जिन्यावरून खाली न्यायचे होते. त्याऐवजी घरपोच सामानाचे साठलेले पुठ्ठ्याचे खोके आणि जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे वापरले. तरीही आमची पहिली पद्मावती माची दोन माणसांना उचलेना, इतका चिखल मुलांनी तिच्यावर थापला. ती मोडून पुन्हा केली. या वेळी मातीचा थर बोटभरच ठेवला आणि बाकी काम चिखलात बुडवलेल्या गोणपाटावर सोडले. गोणपाटाला पडलेल्या सुरकुत्या वाळल्यावर थेट सह्याद्रीच्या कड्यांसारख्या दिसतात, हे मी त्या दिवशी प्रथमच निरखून पाहिले.

माझ्या धाकट्याला कोणते काम द्यावे, हा प्रश्न होता. सहा वर्षांच्या मुलाला ‘ताईला मदत कर’ असे सांगितले, की तो दहा मिनिटांत ताईच्या कामात लुडबुड करू लागतो आणि भांडण होते. म्हणून अळीव आणि मोहरीचे खाते पूर्णपणे त्याच्याकडे दिले : बी भिजवणे, पेरणे, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणे आणि किती कोंब आले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणे. दुसऱ्याच दिवशी त्याने तांब्याने पाणी ओतले आणि अर्धे अळीव वाहून तलावात गेले. तो रडला, ताई रागावली, आणि मग सासूबाईंनी त्याला ओल्या फडक्याने पाणी टिपकवायला शिकवले. पुढचे सगळे दिवस तो आणि आजी सकाळी उठून आधी माचीपाशी जात. एकाच घरात राहूनही आठ महिन्यांत त्या दोघांना एकमेकांबरोबर करण्यासारखे एवढे पक्के काम मिळाले नव्हते.

मावळे नवे आणायचे नाहीत असे ठरले. दरवर्षी कसब्यातल्या कुंभारवाड्यात जाऊन चित्रे निवडणे हा मुलांसाठी वेगळाच सोहळा असतो, पण त्या गर्दीत मुलांना नेणे कोणालाच नको होते. माळ्यावरचा खोका काढला, तुटलेली मुंडकी फेव्हिकॉलने चिकटवली, उडालेले रंग नव्याने दिले. त्यात एक दिवस छान गेला.

पहिल्या मजल्यावर काय चालले होते ते आम्हाला फारसे कळले नाही. तिसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आईचा निरोप आला, की त्याने अर्धी झालेली माची लाथ मारून मोडली आणि तो झोपून राहिला आहे. मी काही सुचवले नाही आणि कोणी त्याला समजावायलाही गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या आजी त्याच्याशेजारी पाट टाकून बसल्या आणि मोडलेली माती भिजवू लागल्या, एवढे मला नंतर समजले. माची वेळेत झाली.

९ नोव्हेंबर

त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या बहिणींच्या वडिलांची चाचणी बाधित आली. ताप आदल्या दिवशी आला होता, त्रास सौम्य होता, आणि ते एका खोलीत विलग झाले. दारावर कागद लागला. सप्टेंबर ताजा असल्यामुळे इमारतीत पुन्हा तीच शांतता पसरली. दोघी बहिणींची संजीवनी माची तोवर जवळजवळ पूर्ण झाली होती. दुहेरी तटासाठी त्यांनी आगपेटीच्या काड्या वापरल्या होत्या.

मोठ्यांमध्ये तीन मते पडली. काहींना किल्ला रद्दच करावासा वाटला. काही म्हणाले, संजीवनी दुसऱ्या एखाद्या घरी नव्याने करून घ्यावी. माची जंतुनाशक फवारून खाली आणावी, असे एकाने सुचवले. हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो हे आज स्पष्ट झाले आहे, पण तेव्हा आम्ही दुधाच्या पिशव्याही धुऊन घेत होतो, त्यामुळे फवारणीची सूचना लगेच बाजूला पडली. नव्याने करण्याचा मार्ग मला स्वतःला सोयीचा वाटत होता. मुलांना विचारले तेव्हा नववीतल्या मुलाने फोनवर एवढेच म्हटले, “काकू, त्यांची माची त्यांनी केलीय. दुसऱ्याने केली तर मग त्या खाली येऊन काय बघणार?” जागा मोकळी सोडायची हा निर्णय मुलांचा होता, आणि माझ्यापेक्षा तो अधिक शहाणपणाचा होता हे मी येथे नोंदवते.

जोडणी आणि दिवाळीचे दिवस

वसुबारस गुरुवारी, १२ नोव्हेंबरला होती. जोडणी आदल्या संध्याकाळी केली. एका वेळी एकाच घराने खाली यायचे, वीस मिनिटे घ्यायची, मास्क काढायचा नाही, आणि हात साबणानेच धुवायचे. सॅनिटायझर पार्किंगमध्ये आणायचाच नाही असा नियम केला होता, कारण त्यात अल्कोहोल असते आणि तिथे पणत्या लागणार होत्या. घराघरांतही दिवाळीचे चार दिवस पणत्यांजवळ साबणच वापरायचा असे ठरले.

जोडताना उंची जुळेना. नकाशावर ‘बालेकिल्ल्याशी मिळणारी कड एक वीत उंच’ असे लिहिले होते. आजोबा सगळी मापे वितीने घेत, म्हणून मुलांनी तेच माप ठेवले होते; पण आमच्या घरी ती वीत माझी धरली गेली, पहिल्या मजल्यावर नऊ वर्षांच्या मुलाची, आणि तिसऱ्या मजल्यावर चौदा वर्षांच्या मुलाची. पद्मावती वर राहिली, सुवेळा दोन बोटे खाली गेली. नववीतला मुलगा आधी वैतागला. मग पुढच्या वीस मिनिटांत त्याने सुवेळेच्या बाजूला चिखल भरून एक खिंड केली आणि पद्मावतीकडून बालेकिल्ल्यावर चढणारी पायवाट वळणाची केली. सुवेळा माची वडिलांनी आणून ठेवली. मुलगा स्वतः खाली आला नाही, गॅलरीतून पाहत राहिला.

त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, शनिवारी १४ तारखेला आले. फटाके टाळावेत असे शासनाचे आवाहन होते आणि इमारतीत विलगीकरणातला रुग्ण असल्यामुळे मुलांनीही हट्ट धरला नाही. लक्ष्मीपूजन झाल्यावर आम्ही खाली पणत्या लावल्या, तेव्हा तो मुलगा आजींबरोबर जिना उतरून आला. त्याने नेढ्यामागे पणती ठेवली, दोनदा सरकवली, मागे जाऊन पाहिले, पुन्हा सरकवली. ज्योत दिसेनाशी झाली आणि नेढ्यातून उजेड आला. आजी म्हणाल्या, “आणखी थोडी डावीकडे घे, यांची तिथं असायची.” त्याने घेतली. मग ते दोघे वर गेले.

रविवारी भाकड दिवस होता. सोमवारी १६ तारखेला पाडवा आणि भाऊबीज एकत्र आली. राज्यातली मंदिरे त्याच दिवशी उघडली. बाहेरगावच्या मामा-आत्यांसाठी आम्ही व्हिडिओ कॉल ठेवला होता, पण गणपतीतला धडा लक्षात ठेवून तो पंधरा मिनिटांचाच केला. एकेका मुलाने आपापला भाग दाखवायचा आणि बाकीच्यांनी फक्त पाहायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या बहिणींनी आपल्या घरातून संजीवनी दाखवली, आणि तेवढा वेळ खाली खडूच्या चौकटीवर कोणीतरी टॉर्चचा उजेड धरून उभे होते. या वेळी एकही मूल मध्येच उठून गेले नाही. ज्याच्यावर आपला भाग सांगण्याची जबाबदारी असते, ते मूल दुसऱ्याचे ऐकतानाही आपली पाळी येण्याची वाट पाहत असते, हे त्याचे साधे कारण असावे.

फराळाचा प्रश्न आम्ही अर्धाच सोडवू शकलो. पहिल्या मजल्यावर आणि विलगीकरणातल्या घरी फराळाचे डबे दाराबाहेर ठेवले, बेल वाजवून मागे सरलो. दुसऱ्या मजल्यासाठी ते पुरेसे होते. दुखवट्याच्या घरी मात्र दाराबाहेर ठेवलेला डबा म्हणजे बसायला आलेले माणूस नव्हे. चकल्या पोहोचल्या, पण त्या घरी त्या दिवाळीत कोणी बसायला गेले नाही, याची खंत मला आजही आहे. गच्चीवर मोकळ्या हवेत, खुर्च्या लांब टाकून, एकेक कुटुंब अर्धा तास काकूंशेजारी बसू शकले असते. तेव्हा आमचे सगळे लक्ष मुलांकडे होते आणि ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही.

आणखी दोन चुका नोंदवायला हव्यात. इमारतीतली चार वर्षांखालची दोन मुले या रचनेत बाहेरच राहिली. त्यांच्या आईवडिलांनी ती किल्ल्याजवळ येऊ नयेत म्हणून दोर बांधायला लावला आणि त्या मुलांना किल्ला म्हणजे फक्त एक दोर दिसला. शिवाय मोजमापाचे काम देऊन आम्ही नववीतल्या मुलाला आत ओढले खरे, पण दिवाळीनंतर त्याच्या हाती पुन्हा काहीच दिले नाही. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून उघडण्याची राज्याची परवानगी होती, मात्र पुण्यात ते पुढे ढकलले गेले, आणि तो परत दार लावून बसू लागला. दहा दिवसांच्या कामाने आठ महिन्यांचे एकटेपण निघेल, असे मी कुठेतरी धरून चालले होते.

संजीवनी

विलगीकरणाचे दहा दिवस आणि त्यापुढचे सात दिवस संपवून, चाचणीत बाकी कोणी बाधित न आढळल्याची खात्री करून, दोघी बहिणी तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत माची घेऊन खाली आल्या. तोवर बाकी तिन्ही भागांवरचे अळीव पिवळे पडून आडवे झाले होते आणि पद्मावतीच्या तलावाला तडा गेला होता. संजीवनी तेवढी हिरवीगार होती, कारण घरात अडकलेल्या त्या दोघींनी तिच्यावर दुसऱ्यांदा पेरणी केली होती. माझ्या धाकट्याने ते पाहिले आणि उरलेले अळीव भिजवायला तो वर पळाला. खडूची चौकट माचीखाली झाकली गेली. कोपऱ्यांवरचे चार दगड काढायचे की ठेवायचे यावर मुलांचे थोडे वाजले. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या मुलाने ते उचलून संजीवनीच्या टोकाला बुरूज म्हणून लावले आणि वरून चिखल लिंपला.